क्लोद बर्नार आणि स्वादुपिंडाचे दोन हिशेब

जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून आडवे पडलेले स्वादुपिंड हा तसा लहानसा अवयव. लांबी वीतभर, वजन ७० ते १०० ग्रॅम. हृदयासारखे ते धडधडत नाही, फुप्फुसासारखे हलत नाही, आणि बिघडेपर्यंत त्याची आठवणही कुणाला होत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत डॉक्टरांनाही त्याच्या कामाची नीट कल्पना नव्हती. तोंडात जशा लाळेच्या ग्रंथी असतात, तशीच ही पोटातली एक ग्रंथी असावी, एवढाच समज होता. तो समज बदलला क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने. इंग्रजी उच्चारामुळे आपल्याकडे ते क्लॉड बर्नार्ड या नावाने अधिक ओळखले जातात.

बर्नार यांच्या आयुष्यात स्वादुपिंड तीन वेळा आले. पहिल्यांदा शोध म्हणून. दुसऱ्यांदा हातातून निसटलेला शोध म्हणून. आणि तिसऱ्यांदा, चरित्रकारांचा तर्क खरा मानला तर, स्वतःच्या दुखण्याच्या रूपाने. स्वादुपिंडाच्या तीव्र दाहातून उठलेल्या माणसाने पुढची काही वर्षे कशाकडे लक्ष ठेवावे, हे समजून घ्यायला या तिन्ही गोष्टी आजही उपयोगी पडतात.

द्राक्षमळ्यातून प्रयोगशाळेत

बर्नार यांचा जन्म १२ जुलै १८१३ रोजी फ्रान्समधील बोजोले या प्रदेशात, साँ-ज्युलियाँ या खेड्यात झाला. वडील द्राक्षबागायतदार, घरची परिस्थिती बेताची. शिक्षण अर्धवट सोडून मुलगा लियाँ शहराजवळच्या एका औषधविक्रेत्याकडे उमेदवारी करू लागला. दुकानात उरलेसुरले, खराब झालेले औषधी पदार्थ एका मोठ्या बरणीत जमा होत आणि त्यातूनच सर्व रोगांवरचे म्हणून एक जालीम औषध तयार होई. ते नेमके काय आहे आणि कसे काम करते, हे कुणालाच ठाऊक नव्हते. औषधांविषयी बर्नार यांच्या मनात जो संशय आयुष्यभर राहिला, त्याची सुरुवात तिथे झाली.

तरुण बर्नार यांना नाटककार व्हायचे होते. त्यांचे एक छोटे विनोदी नाटक लियाँमध्ये रंगमंचावर आलेही. मग पाच अंकी ऐतिहासिक नाटक लिहून १८३४ मध्ये ते पॅरिसला गेले आणि एका नामवंत समीक्षकाला ते दाखवले. समीक्षकाने त्यांना पोटापाण्यासाठी वैद्यक शिकण्याचा सल्ला दिला, आणि तो त्यांनी मानला. वैद्यकाच्या अभ्यासातही ते चमकले नाहीत. रुग्णालयातील उमेदवारीच्या स्पर्धा परीक्षेत निवडल्या गेलेल्या २९ जणांत त्यांचा क्रमांक २६ वा होता. अध्यापकपदाच्या परीक्षेत तर १८४४ मध्ये ते नापास झाले.

मात्र कोलेज द फ्रान्स या संस्थेत प्रयोगशील शरीरक्रियाशास्त्र शिकवणाऱ्या फ्रांस्वा माजांदी यांनी या विद्यार्थ्याच्या हातातले कसब ओळखले. १८४१ मध्ये बर्नार त्यांचे साहाय्यक झाले. पगार तुटपुंजा होता. १८४५ मध्ये लग्न झाले आणि पत्नीच्या माहेरून आलेल्या हुंड्यावर पुढची काही वर्षे संशोधन चालले. ते प्रयोग जिवंत प्राण्यांवरचे होते, त्यातले अनेक भूल देण्याची पद्धत येण्यापूर्वीचे. पत्नीला आणि पुढे मुलींनाही ते सहन होईना. बर्नार यांना कीर्ती मिळाली, पण घर तुटले. आज त्यांच्या शोधांचा लाभ घेताना ही किंमतही नोंदवायला हवी.

सशांनी दाखवलेली वाट

१८४६ सालची गोष्ट. बाजारातून आणलेले काही ससे बर्नार यांच्या टेबलावर ठेवलेले होते. त्यांनी तिथेच लघवी केली. ती स्वच्छ आणि आम्लधर्मी होती. गवत खाणाऱ्या प्राण्यांची लघवी एरवी गढूळ आणि अल्कधर्मी असते, आम्लधर्मी लघवी असते मांसाहारी प्राण्यांची. मग हे ससे मांसाहारी कसे झाले? बर्नार यांच्या लक्षात आले, की सशांना बराच वेळ खायला मिळालेले नाही. उपाशी प्राणी स्वतःच्याच शरीरातील साठ्यावर, म्हणजे एका अर्थाने स्वतःच्या मांसावर जगत असतो. त्यांनी सशांना गवत घातले, लघवी गढूळ झाली. पुन्हा उपाशी ठेवले, पुन्हा स्वच्छ झाली. शेवटी उकडलेले मांस खाऊ घातले, तेव्हाही ती स्वच्छच राहिली.

प्रयोग इथे संपला असता. पण मांस खाल्लेल्या सशांचे पोट उघडल्यावर बर्नार यांना आणखी एक गोष्ट दिसली. पचलेली चरबी आतड्यातून वाहून नेणाऱ्या बारीक नलिका चरबीमुळे दुधासारख्या पांढऱ्या दिसतात. कुत्र्यात हा पांढरेपणा लहान आतड्याच्या सुरुवातीपासूनच दिसतो. सशात मात्र तो बराच खाली, सुमारे ३० सेंटिमीटर पुढे सुरू होत होता. असे का? सशाच्या शरीराची रचना पाहिल्यावर उत्तर मिळाले. सशात पित्ताची नळी आतड्याला वर येऊन मिळते, तर स्वादुपिंडाची नळी खूप खाली उघडते. जिथे स्वादुपिंडाचा रस आतड्यात येत होता, तिथूनच चरबी शोषली जायला सुरुवात होत होती.

मग त्यांनी कुत्र्याच्या स्वादुपिंडाचा ताजा रस मिळवला आणि तो तेलात, लोण्यात मिसळून पाहिला. चरबीचे बारीक थेंब होऊन ती फुटली आणि मिश्रण आम्लधर्मी झाले, म्हणजे चरबीचे विघटन होऊन मेदाम्ले तयार झाली. स्वादुपिंडाशिवाय चरबीचे पचन होत नाही, हे यातून सिद्ध झाले. १८४९ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीने या कामासाठी त्यांना पारितोषिक दिले.

चरबीचे पचन आणि स्वादुपिंड यांचे हे नाते आजच्या उपचारातही मध्यवर्ती आहे. स्वादुपिंड दिवसाला सुमारे दीड लिटर रस तयार करते. त्यातली विकरे, म्हणजेच एन्झाइम, पिष्ट, प्रथिने आणि चरबी या तिन्हींवर काम करतात. पिष्ट पचवायला लाळ मदत करते, प्रथिने पचवायला जठर मदत करते. चरबीला मात्र असा भक्कम पर्याय नाही. म्हणून स्वादुपिंड दुबळे झाले, की सर्वांत आधी चरबी न पचता बाहेर पडू लागते.

निसटलेला दुसरा शोध

१८५६ मध्ये बर्नार यांनी स्वादुपिंडावरचा आपला मोठा प्रबंध प्रसिद्ध केला. कुत्र्याच्या स्वादुपिंडाच्या नळीत पित्त आणि ऑलिव्ह तेल सोडले, की त्या ग्रंथीला तीव्र दाह होतो, हेही त्यांनी दाखवले. प्रयोगशाळेत स्वादुपिंडाचा तीव्र दाह घडवून आणल्याचा हा पहिला प्रयोग मानला जातो. या आजाराचे माणसातले सविस्तर वर्णन बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी पुढे १८८९ मध्ये केले. पित्तखड्याशी असलेला त्याचा संबंध १९०१ मध्ये अमेरिकेतीलच युजीन ओपी यांनी दाखवला. पित्ताशयातून सुटलेला एखादा छोटा खडा नळीच्या तोंडाशी अडकतो आणि स्वादुपिंडातली विकरे आतड्यात पोहोचण्याआधी आतल्या आतच जागी होतात. अन्न पचवण्यासाठी असलेला रस मग ग्रंथीलाच पचवू लागतो. आजही या आजाराची दोन मोठी कारणे आहेत, पित्तखडे आणि मद्यपान.

साखरेच्या प्रश्नावर तर बर्नार यांनी आयुष्याची बरीच वर्षे घालवली. यकृत स्वतः साखर तयार करून रक्तात सोडते, हे त्यांनी दाखवले. यकृतात साठवला जाणारा ग्लायकोजेन हा पदार्थ १८५७ मध्ये वेगळा केला. मेंदूच्या तळाशी एका ठरावीक जागी सुईने टोचले, की प्राण्याच्या लघवीत काही काळ साखर उतरते, हेही त्यांना आढळले. त्यामुळे मधुमेहाचे मूळ यकृतात आणि मज्जासंस्थेत आहे, असे त्यांचे मत बनले.

मग स्वादुपिंडाचे काय? बर्नार यांनी प्राण्यांच्या स्वादुपिंडाच्या नळीत चरबीयुक्त पदार्थ भरून ती ग्रंथी निकामी करून पाहिली होती. चरबीचे पचन बिघडले, पण मधुमेह झाला नाही. साहजिकच मधुमेहाशी स्वादुपिंडाचा संबंध नाही, असे त्यांनी मानले. निरीक्षण अचूक होते, निष्कर्ष मात्र चुकला. कारण स्वादुपिंडात दोन वेगवेगळी खाती आहेत आणि नळी बंद केल्याने त्यातले एकच बंद पडते, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हते.

१८६९ मध्ये बर्लिनमध्ये पाउल लांगरहान्स या वैद्यकीय विद्यार्थ्याने सूक्ष्मदर्शकाखाली स्वादुपिंडात पेशींचे छोटे छोटे पुंजके पाहिले. बर्नार तेव्हा हयात होते, पण ते पुंजके काय करतात हे खुद्द लांगरहान्स यांनाही कळले नव्हते. १८८९ मध्ये स्ट्रासबर्ग येथे ऑस्कर मिन्कोव्स्की आणि योझेफ फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे संपूर्ण स्वादुपिंड काढून टाकले, तेव्हा त्याला मधुमेह झाला. १९२१ मध्ये टोरांटोत फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी स्वादुपिंडाची नळी बांधण्याचीच युक्ती वापरून पाहिली. पाचक रस बनवणाऱ्या पेशी सुकतात, पण हे पुंजके टिकतात, ही गोष्ट त्यांनी हेरली होती. ज्या गोष्टीने बर्नार यांना चकवले, तिनेच इन्सुलिनचा रस्ता दाखवला.

आजारी माणसाच्या दृष्टीने यातला मुद्दा साधा आहे. स्वादुपिंडाचे दोन हिशेब वेगवेगळे चालतात. पहिला पाचक रसाचा, दुसरा इन्सुलिनचा. एक ठीक असला म्हणून दुसराही ठीक आहे, असे गृहीत धरता येत नाही.

दीर्घ दुखणे आणि एक पुस्तक

१८५४ मध्ये बर्नार विज्ञान अकादमीवर निवडून आले आणि १८५५ मध्ये माजांदी यांच्या जागी प्राध्यापक झाले. प्रयोगशाळा मात्र तळघरासारखी, दमट आणि अंधारी होती. १८६० च्या सुमारास त्यांची प्रकृती ढासळू लागली. पोटदुखीचे झटके येत, मग थकवा आणि अशक्तपणा. आतड्याचा जुनाट दाह आणि त्यात यकृत व स्वादुपिंडही गुंतलेले, असा या आजाराचा अर्थ पुढच्या चरित्रकारांनी लावला आहे. सोनोग्राफी, सीटी स्कॅन आणि रक्तातील विकरांच्या तपासण्या यायला अजून निदान अर्धे शतक होते. ज्या माणसाने स्वादुपिंडाचा रस बाटलीत धरून दाखवला, त्याच्या स्वतःच्या पोटात काय चालले आहे, हे पाहण्याचे साधन त्या काळी नव्हते.

उपचार होता तो विश्रांती, पथ्य आणि हवाबदल. बर्नार यांनी जन्मगावी, साँ-ज्युलियाँ येथे घर आणि द्राक्षमळा घेतला होता. दुखणे वाढले की ते तिकडे जात. प्रयोग बंद, व्याख्याने बंद. मोकळ्या वेळात त्यांनी आतापर्यंतच्या कामाचा विचार केला. निरीक्षण म्हणजे काय, शंका कशी घ्यावी, एखादी कल्पना कितीही आवडती असली तरी प्रयोगाने ती खोटी ठरवली तर ती कशी सोडावी, हे सारे त्यांनी लिहून काढले. ‘प्रायोगिक वैद्यकाच्या अभ्यासाची प्रस्तावना’ हे त्यांचे पुस्तक १८६५ मध्ये प्रसिद्ध झाले. सशांची हकिकत त्यांनी याच पुस्तकात सांगितली आहे. वैज्ञानिक विचारपद्धतीवरच्या अभिजात ग्रंथांत त्याची गणना होते.

पुस्तक आले, पण दुखणे गेले नव्हते. १८६५ च्या अखेरीस ते पुन्हा उलटले आणि १८६६ हे जवळजवळ सारे वर्ष बर्नार गावीच पडून होते. ते आता परत येत नाहीत, अशी भीती मित्रांना वाटू लागली. तेव्हा लुई पाश्चर यांनी नोव्हेंबर १८६६ मध्ये एका वृत्तपत्रात बर्नार यांच्या कामाचे महत्त्व सांगणारा मोठा लेख लिहिला. आजारी मित्राला उभारी यावी, हाच त्यामागचा हेतू होता, आणि तो सफल झाला. १८६७ मध्ये बर्नार यांचा फ्रान्समधील शरीरक्रियाशास्त्राच्या प्रगतीचा अहवाल बाहेर आला. १८६८ मध्ये ते फ्रेंच अकादमीवर निवडले गेले आणि पॅरिसच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात नव्या जागी काम करू लागले. पुढे आणखी दहा वर्षे ते शिकवत आणि लिहीत राहिले. १० फेब्रुवारी १८७८ रोजी, ६४ व्या वर्षी, मूत्रपिंडाच्या आजाराने त्यांचे निधन झाले. फ्रान्सने एखाद्या शास्त्रज्ञाला सरकारी इतमामाने निरोप देण्याची ती पहिलीच वेळ होती.

घरी आल्यानंतरची वर्षे

बर्नार यांच्या काळात दुखणे थांबले की माणूस बरा झाला, असेच धरले जाई. आजही अनेक घरांत हेच होते. स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाचा रुग्ण आठवडाभर रुग्णालयात राहतो, सलाइन लागते, पोट शांत होते, घरी सोडतात आणि फाइल कपाटात जाते. सुमारे ८० टक्के रुग्णांत आजार सौम्य असतो आणि बहुतेकांचे पचन पूर्ववत होते, ही दिलासा देणारी गोष्ट आहे. पण ग्रंथीचा काही भाग मृत झाला असेल, आजार तीव्र असेल किंवा मद्यपानामुळे झाला असेल, तर भरून यायला कित्येक महिने, कधी वर्षेही लागतात. सुजलेल्या पेशी पूर्ववत होऊ शकतात. मेलेल्या भागाच्या जागी मात्र व्रण राहतो.

पहिला हिशेब पचनाचा. तीव्र दाहानंतर साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतक्या रुग्णांत पाचक रसाची कमतरता पाठपुराव्यातही आढळते, असे आजवरच्या अभ्यासांचे एकत्रित निष्कर्ष सांगतात. निसर्गाने या ग्रंथीला भरपूर राखीव क्षमता दिली आहे. चरबी पचवणाऱ्या विकराचे प्रमाण नेहमीच्या सुमारे दहाव्या हिश्श्याखाली जाईपर्यंत ठळक लक्षण दिसत नाही. म्हणजे लक्षण दिसले, तेव्हा तूट मोठी असते. शौचास तेलकट, चिकट, फार दुर्गंधी होणे, पाणी टाकूनही ते न जाणे, पोट फुगणे, नीट जेवूनही वजन उतरणे, ही ती लक्षणे. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे चरबीबरोबर शोषली जातात, तीही कमी पडू लागतात. मलाची एक साधी तपासणी करून ही कमतरता ओळखता येते. त्यावर जेवणाबरोबर घ्यायच्या विकरांच्या कॅप्सूल मिळतात. त्या जेवणाच्या घासांसोबत घ्यायच्या असतात, कारण अन्नात मिसळल्या तरच त्यांचा उपयोग होतो. अनेकांत त्या काही काळच लागतात, काहींना कायम.

दुसरा हिशेब साखरेचा, आणि तो अधिक फसवा आहे. २०१४ मध्ये न्यूझीलंडमधील संशोधकांनी २४ अभ्यासांतील ११०० हून अधिक रुग्णांची माहिती एकत्र तपासली. तीव्र दाहाच्या पहिल्या झटक्यानंतर वर्षभरात सुमारे १५ टक्के रुग्णांना नव्याने मधुमेह झालेला होता, आणि पाच वर्षांनी हा धोका आणखी वाढलेला दिसला. महत्त्वाचे म्हणजे आजार सौम्य होता म्हणून धोका टळला, असे त्यात आढळले नाही. म्हणून झटक्यानंतर तीन ते सहा महिन्यांत रक्तातील साखर तपासावी आणि मग दरवर्षी तपासत राहावे, असे आता मधुमेहतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. हा मधुमेह स्वादुपिंडाच्या इजेमुळे झालेला असतो. त्याचे उपचार नेहमीच्या मधुमेहापेक्षा वेगळे ठरू शकतात. त्यामुळे नव्या डॉक्टरांकडे गेल्यावर पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली होती, हे आवर्जून सांगावे आणि जुनी फाइल सोबत न्यावी.

तिसरी गोष्ट दुसरा झटका टाळण्याची. पहिल्या झटक्यानंतर साधारण पाचांपैकी एकाला पुन्हा झटका येतो. वारंवार झटके आलेल्या रुग्णांत दाह जुनाट होण्याचे प्रमाण कितीतरी अधिक असते, आणि मग मागे फिरणे कठीण होते. कारण पित्तखडे असतील तर पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया पुढे ढकलत राहू नये. सौम्य आजारात ती शक्यतो त्याच भरतीत उरकावी, असा सल्ला दिला जातो. कारण मद्य असेल तर ते पूर्ण सोडावे, थोडे थोडे घेऊन चालत नाही. धूम्रपानही या ग्रंथीला इजा करते, हे अनेकांना ठाऊक नसते. रक्तातील ट्रायग्लिसराइड्स फार वाढल्याने झटका आला असेल, तर आहार आणि औषधे दोन्ही नियमित हवीत.

बर्नार यांनी आजाराची वर्षे सहन केली आणि त्या वर्षांतच विज्ञानाला एक शिस्त दिली. आवडत्या समजुतीवर विश्वास ठेवण्यापेक्षा पडताळून पाहावे, ही ती शिस्त. पोट दुखत नाही, भूक लागते, म्हणजे सगळे ठीक आहे, हीही अशीच एक आवडती समजूत. घरात कुणाला गेल्या काही वर्षांत स्वादुपिंडाचा दाह होऊन गेला असेल, तर वजनाची नोंद ठेवावी, शौचात काही बदल झाला का याकडे लक्ष द्यावे आणि साखरेच्या तपासणीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. दोन्ही हिशेब वेळच्या वेळी तपासले, तर तूट लवकर सापडते, आणि लवकर सापडलेली तूट बहुधा भरून काढता येते.